ऑस्करच्या टाकीत हिरवळ: मोठ्या शिकारी माशासाठी झाडांची टाकी कशी लावायची

मोठा शिकारी मासा झाडं खात नाही. ऑस्कर, अरोवाना, मरळ यांना पानापाल्यात काडीचा रस नसतो. तरीही हौसेनं लावलेली झाडं चार दिवसांत पाण्यावर तरंगायला लागतात, कारण नुकसान तोंडानं चावून होतच नाही. ऑस्कर वाळू तोंडात भरून दुसरीकडे नेऊन थुंकतो आणि मधे आलेलं रोप मुळासकट उपटतो. फूटभर लांबीचा मासा घाबरून वळला तर शेपटीच्या एका फटक्यात आख्खा कोपरा मोकळा होतो. वर त्याची घाण इतकी, की पानांवर थर साचतो आणि शेवाळ माजते. खोदणं, धक्का आणि घाण या तिन्हींचा बंदोबस्त करायचा असेल तर झाडाचा मातीशी संबंध जवळजवळ तोडावा लागतो. झाडं लाकडावर, दगडावर किंवा पाण्याबाहेर वाढवायची. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

मासा कोणता, हे आधी

दुकानात सगळे शिकारी मासे दोन-तीन इंचांचे असतात आणि सगळेच गोंडस दिसतात. घरी आणल्यावर ऑस्कर साधारण १२ इंचांपर्यंत जातो, तोही वर्ष-दीड वर्षात. पहिल्या वर्षी महिन्याला इंचभर वाढ ही नेहमीची गोष्ट. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांच्या आसपास जातो, त्यामुळे त्याला सहा-आठ फुटांची टाकी हवी. रेडटेल कॅटफिश त्याहून मोठा आणि जाडजूड होतो. अ‍ॅलिगेटर गार तर निसर्गात माणसाहून लांब वाढतो आणि कित्येक दशकं जगतो. ‘टाकीच्या आकाराप्रमाणेच मासा वाढतो’ असं विक्रेता सांगेल. वाढ खुंटते ती घाणेरड्या पाण्यामुळे, आणि असा मासा लवकर मरतो.

एक वेगळीच गंमत रूपचंदची. मासळी बाजारात मिळणारा रूपचंद म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पाकू. त्याची पिल्लं लालसर पोटामुळे ‘पिरान्हा’ म्हणून खपवली जातात. तुम्ही शिकारी समजून आणता आणि तो तुमची बाग जेवून टाकतो. सिल्व्हर डॉलर हा त्याच्याच नात्यातला मासा. ऑस्करला सोबत म्हणून त्याची शिफारस नेहमी होते, पण झाडांच्या टाकीत त्यालाही आणू नका.

कायद्याचं थोडक्यात. सोनेरी-लाल रंगाची आशियाई अरोवाना ‘साइट्स’ (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची सरकारकडे नोंद करणं बंधनकारक झालं आहे. कागदपत्रं नसतील तर लांबच राहा.

आणि मासा मोठा झाला म्हणून नदीत किंवा तलावात सोडणं हा पर्याय नाहीच. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ साली अ‍ॅलिगेटर गार सापडला, तो तिथे पोहत गेला नव्हता. आपल्या उजनीची चिलापी आज मोठ्या आवडीनं खाल्ली जाते, पण तीही मूळची आफ्रिकेतली. एकदा शिरलेली जात परत बाहेर काढता येत नाही. सांभाळणं जमेनासं झालं तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेला हौशी शोधा, आणि हे शक्य आहे का ते मासा घेण्याआधीच विचारून ठेवा.

हा लेख एका ऑस्करसाठी आहे. नवख्या माणसाला मोठ्या शिकारी माशाची हौस भागवायला तो पुरेसा आहे. ओळख ठेवतो, हातून खातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. पण तुमचा जीव माशापेक्षा झाडांत जास्त असेल, तर मरळीचा छोटा भाऊबंद चन्ना गाचुआ बघा. आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांतलाच हा मासा सहा-आठ इंचांवर थांबतो, ऑस्करसारखा तळ उकरत बसत नाही आणि झाडांच्या गर्दीत खूश असतो. याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. त्याला तीन फुटी टाकी चालते. फक्त तो हवेतून श्वास घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांत दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवायची आणि झाकणाला एकही फट ठेवायची नाही.

टाकी आणि तिचं वजन

एका ऑस्करला किमान ४ × २ × २ फुटांची टाकी, १२ मिमी काचेची. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, या हिशेबानं काठोकाठ साडेचारशे लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात चारशे लिटर पाणी बसतं. चारशे किलो पाणी, नव्वदेक किलो काच, वर दगड, वाळू, स्टँड असं सगळं मिळून सहाशे किलोच्या आसपास जातं. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा असतो. त्यामुळे टाकी खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीत नको. तुळईच्या किंवा कॉलमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा. जुनी चाळ किंवा लाकडी जमीन असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्टँड लोखंडी अँगलचा, चारही पाय समपातळीत, वर प्लायवूड आणि त्यावर थर्माकोल किंवा फोमची शीट. विजेची वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली लोंबेल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकेल. घरात ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्तानं बसवून घ्या.

फिल्टर: खर्च इथेच करा

पैसे कमी पडत असतील तर दिवा स्वस्तातला घ्या, लाकूड लहान घ्या, पण फिल्टरमध्ये काटकसर करू नका. ऑस्कर खातो भरपूर, चघळताना निम्मं तोंडातून आणि कल्ल्यांतून बाहेर उडवतो, आणि उरलेल्याची अमोनिया करतो. पाणी वरून शिंपडणारा छोटा टॉप फिल्टर एकट्यानं पुरत नाही.

सगळ्यात चांगला संप, म्हणजे स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी टाकी, जिच्यात मोठ्या टाकीतलं पाणी उतरतं, गाळलं जातं आणि पंपानं वर जातं. त्याचे तीन फायदे आहेत. एकूण पाणी वाढतं. हीटर संपमध्ये ठेवता येतो, नाहीतर ऑस्कर काचेचा हीटर धडक मारून फोडू शकतो. आणि माशाची नजरही न पोचणारी एक सुरक्षित जागा झाडांच्या मुळांना मिळते. संप जमत नसेल तर मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या आणि हीटरला प्लास्टिकची जाळी लावा.

तासाला टाकीतलं पाणी सहा-आठ वेळा फिरायला हवं, म्हणजे आपल्या टाकीसाठी तासाला २४०० ते ३२०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवण्याची उंची न धरता दिलेला असतो, म्हणून एक पायरी मोठा पंप घ्या. फिल्टरमध्ये पाणी आधी फिल्टर वूल आणि स्पंजमधून जाऊ दे, मग घाण पचवणाऱ्या जिवाणूंच्या घरातून. हे घर सिरॅमिक रिंगांचं असलं तर उत्तम, पण भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्याही (साबण न लावलेल्या, धातूच्या नव्हे) हेच काम अगदी स्वस्तात करतात.

तळ, दगड आणि लाकूड

झाडांच्या टाकीसाठी दुकानात जी महागडी काळी माती मिळते, ती ऑस्करसाठी घेऊ नका. आठवड्याभरात तो तिचा चिखल करेल. बारीक, गोल कणांची वाळू स्वच्छ होईपर्यंत बादलीत धुऊन इंचभर पसरा. मध्यम आकाराची खडी टाळा, कारण ती ऑस्करच्या तोंडात मावते आणि कधीकधी गिळलीही जाते.

दगडांच्या बाबतीत आपल्याकडे एक सापळा आहे. बांधकामातून उरलेल्या शहाबादी किंवा कडप्प्याच्या फरशीचे तुकडे सपाट, सुबक आणि फुकट असतात, त्यामुळे लाकूड टेकवायला तेच डोळ्यांसमोर येतात. पण दोन्ही चुनखडीचे. पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, वाढवत राहतात. मऊ पाण्यात तर जास्तच. स्टँडवर कडप्पा टाका, टाकीत नको. शंका आली तर दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून जवळून पाहा. बारीक बुडबुडे आले की दगड बाद. सह्याद्रीचा साधा काळा दगड, बेसॉल्ट, या परीक्षेत सहज पास होतो. धारदार कडा मात्र घासून घ्या.

जड दगड वाळूवर ठेवू नका. आधी रिकाम्या टाकीच्या तळाच्या काचेवर थर्माकोल किंवा प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा, त्यावर दगड, आणि मग भोवती वाळू. नाहीतर ऑस्कर खालची वाळू काढून घेईल आणि दगड काचेवर कलंडेल.

लाकूड म्हणजे ड्रिफ्टवूड. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतं. मोठ्या फांद्यांचा एकच तुकडा घ्या, छोटे चार नकोत. आठवडा-दोन आठवडे पिंपात भिजवा, रोज पाणी बदला. तरी पाणी चहासारखं होत राहील. त्यात माशाला धोका काही नाही, ऑस्कर मुळात अशाच गढूळ-तपकिरी पाण्यातला. लाकूड बुडत नसेल तर काळ्या दगडाला स्टीलच्या स्क्रूनं जखडा. ठेवताना फांद्या पाण्याच्या वरच्या अर्ध्या भागात येतील असं बघा. झाडं तिथे बसणार आहेत आणि मासा वळायला पुढची जागा मोकळी राहणार आहे.

झाडं

पहिलं नाव अनुबियास. पश्चिम आफ्रिकेतलं झाड, चामड्यासारखी जाड पानं, कमी उजेडात वाढणारं, जड पाण्यालाही न घाबरणारं. वाढ इतकी संथ की महिन्याला एखाद-दुसरं पान आलं तरी समाधान मानायचं. दुसरं जावा फर्न. दोन्हींना आडवा वाढणारा जाड कंद असतो, ज्यातून वर पानं आणि खाली मुळं फुटतात. हा कंद वाळूत पुरला की सडतो. नवखे लोक नेमकं हेच करतात आणि महिन्याभरानं ‘अनुबियास जगत नाही’ म्हणतात.

बसवायची पद्धत सोपी आहे. रोप कुंडीतून काढा, मुळांभोवतीचा कापूस किंवा लोकर पूर्ण सोडवा, लांब मुळं कापून इंचभर ठेवा. कंदाची खालची बाजू आणि लाकडावरची जागा कापडानं टिपा. फेविक्विकसारख्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे दोन थेंब, शक्यतो घट्ट जेल प्रकारातला, आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पाण्यात गेल्यावर गोंद पांढरा पडतो, त्यात माशाला अपाय नाही. ऑस्करच्या टाकीत गोंदावर एकट्यावर भिस्त नको; वरून तंगुसाचे (मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याचे) दोन-तीन वेढे घ्या. सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो आणि तोवर मुळांनी लाकूड पकडलेलं नसतं. लहान दहा रोपांपेक्षा मोठी चार घ्या, कारण उपटायला जड जातात आणि घाण पडली तरी तग धरतात.

वॅलिसनेरिया हे पट्ट्यासारख्या लांब पानांचं झाड बोअरच्या जड पाण्यात छान वाढतं. लावायचंच असेल तर बिनरंगाच्या मातीच्या कुंडीत, मुळाशी खताची गोळी घालून, वर मुठीएवढे दगड रचून मागच्या कोपऱ्यात ठेवा. ते टिकेल याची खात्री देता येत नाही. काही ऑस्कर कुंडीकडे बघतही नाहीत, काही रोज कुंडी सरकवतात. गालिच्यासारखी पसरणारी झाडं, कॅबोम्बा, नाजूक देठाची लाल झाडं यांवर पैसे घालवू नका.

खरं काम करणारं झाड पाण्याबाहेरचं आहे: मनीप्लांट. त्याची पानं हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे वाढ पाण्यातल्या झाडांच्या कित्येक पट, आणि त्या वाढीसाठी ते पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे माशाच्या घाणीतून शेवटी उरणारा पदार्थ, ओढून घेतं. बागेतून वेल आणली तर कापलेला भाग दिवसभर सुकू द्या, बाटलीत मुळं फुटू द्या, मग टाकीवर चढवा. कुंडीतलं असेल तर मातीचा कण राहणार नाही इतकी मुळं धुवा. पाण्यात फक्त मुळं, पानं बाहेर, कारण पानांत आणि देठात तोंडाची आग करणारं कॅल्शियम ऑक्झलेट असतं. ऑस्कर लोंबत्या मुळांशी खेळतो आणि ती तोडतो, म्हणून मुळं जाळीच्या टोपलीत किंवा थेट संपमध्ये ठेवा. पीस लिलीही अशीच चालते. मागच्या भिंतीवर मनीप्लांट चढवला की टाकी बघता बघता हिरवीगार दिसते, आणि माशाचा त्याच्याशी काही संबंधच येत नाही.

कास पठारावरचा वायतुरा पाहून कुणाला तो टाकीत लावायचा मोह झाला तर आवरा. सातारच्या पठारांवरची ती प्रदेशनिष्ठ वनस्पती आहे, पावसाळा संपला की कंदात झोपी जाते. तिथून उचलून आणण्यात तिचंही नुकसान आणि तुमचंही.

दिवा आणि खत

साधा पांढरा एलईडी, टायमरवर सहा-सात तास. जास्त उजेड म्हणजे जास्त शेवाळ, कारण या टाकीत नायट्रेट कधी कमी पडत नाही. अंधारात एकदम दिवा लागला तर ऑस्कर बिथरून काचेवर आपटतो. आधी खोलीतला दिवा लावा. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको, पाण्याचा पृष्ठभाग इतका हलता ठेवावा लागतो की वायू टिकणारच नाही. नत्र आणि स्फुरद मासा देतो. पोटॅश आणि लोह असलेलं द्रवखत आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलेल्याच्या अर्ध्या मापानं.

मासा आणण्याआधीचे चार-सहा आठवडे

फिल्टरमध्ये दोन प्रकारचे जिवाणू वसवायचे आहेत. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशाला विषारी, तिसरा बराच सौम्य. टाकी भरा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटनं (दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं) घालवा, झाडं लावा, फिल्टर चोवीस तास सुरू ठेवा. जिवाणूंना खाद्य म्हणून एक सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत टांगून कुजू द्या. वास येतो, घरच्यांना आधी कल्पना द्या. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो.

चाचणीचा द्रव किट घ्या, कागदी पट्ट्यांपेक्षा भरवशाचा. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो; नायट्राइट चढतं, मग उतरतं. दोन्ही सलग आठवडाभर शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की कोळंबीचे अवशेष काढून मोठा पाणीबदल करा. मग मासा.

या काळात अनुबियास आणि जावा फर्नची काही पानं पिवळी पडून गळतील. नर्सरीत ती बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्यातली नवी पानं यायला वेळ लागतो. कंद टणक असेल तर झाड जिवंत आहे.

मासा आणि त्याचं जेवण

दोन-तीन इंचांचं, पोट खपाटीला न गेलेलं, डोळे स्वच्छ असलेलं एकच पिल्लू आणा. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मासा जाळीनं काढून सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या.

शिकारी म्हटलं की लोक जिवंत गप्पी आणि गोल्डफिश आणून टाकतात. बघायला मजा वाटते, पण त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशसारख्या कार्प कुळातल्या माशांत थायमिनेज असतं, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. कोंबडी-मटणाची चरबीही त्याला पचत नाही. रोजचं जेवण चांगल्या प्रतीच्या गोळ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या. मधूनमधून कवचासकट कोळंबीचा तुकडा, किंवा खत-औषध न मारलेल्या मातीतलं गांडूळ. पिल्लाला दिवसातून दोनदा, मोठ्याला एकदा, आठवड्यात एक दिवस उपास. दोन मिनिटांत संपेल इतकंच. तो काचेशी येऊन भीक मागत राहील, लक्ष देऊ नका. डोक्यावर खड्डे पडण्याचा रोग पाणी आणि आहार बिघडलेल्या ऑस्करमध्ये जास्त दिसतो.

दर आठवड्याला, आणि उन्हाळ्यात

दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर. तुमच्याकडे पाणी चार दिवसांआड येत असेल तर हा हिशेब टाकी घेण्याआधी करा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्याहून चांगलं खत विकत मिळत नाही. नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) खाली राहिलं पाहिजे, २० असेल तर छान. बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी नुसतं वरून भरणं म्हणजे पाणीबदल नव्हे. बोअरच्या पाण्यातले क्षार मागेच राहतात आणि साचत जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ते बत्तिशी ओलांडतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. काचेच्या झाकणाऐवजी घट्ट बसणारी जाळी लावा, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, एअर पंप वाढवा. दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकू नका. वीज जात असेल तर एअर पंप आणि फिल्टर इन्व्हर्टरवर घ्या. बंद कॅनिस्टरमधलं पाणी काही तासांत प्राणवायूविना सडतं, म्हणून लांबलचक खंडानंतर ते ओतून मगच चालू करा.

मासा आजारी पडला तर औषध वेगळ्या टबात. तांब्याची औषधं झाडांना बाधतात आणि मिथिलीन ब्लू फिल्टरच्या जिवाणूंवर उठतं.

झाडांची दुरुस्ती

जुन्या अनुबियासच्या पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखी शेवाळ येते. ती घासून निघत नाही. ते पान देठापासून कापा आणि त्या बाजूचा प्रवाह व दिव्याचे तास थोडे कमी करून पाहा. पानांवर साचलेली माती पाणीबदलाच्या वेळी हातानं झटका. जावा फर्नच्या पानांखाली काळे ठिपके आणि टोकाला छोटी रोपं दिसली तर तो रोग नाही, ती पिल्लं आहेत. बोटभर झाली की तोडून रिकाम्या फांदीवर चिकटवा. अनुबियासचा कंद बराच लांब झाला की धारदार ब्लेडनं दोन तुकडे करा, प्रत्येकावर निदान चार-पाच पानं राहतील असे, आणि मागचा तुकडा जागेवरच ठेवा. ऑस्करनं एखादं रोप सारखं सारखं उपटलं तर त्याच जागी पुन्हा लावू नका. ती जागा त्याला हवी आहे, रोप थोडं वर सरकवा.